हुशार मुलीसाठी शाळेकडे नेमकं काय मागायचं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचते, भागाकार आणि अपूर्णांक स्वतःच शिकली. वर्गात सध्या तीन अंकी वजाबाकी चालू आहे. गेले काही महिने सकाळी पोट दुखतं म्हणते, वहीत नको त्या चुका करते. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही. वर्गशिक्षिका म्हणतात, ‘मार्क उत्तम आहेत, मग काळजी कशाला?’ मानसशास्त्रज्ञांकडे केलेल्या चाचणीत बुद्ध्यंक 138 आला. तो अहवाल मुख्याध्यापकांपुढे ठेवून मुलीला थेट पुढच्या इयत्तेत बसवा असं सांगावं का, असं त्या विचारतात.

अहवाल तूर्त कपाटातच राहू द्या. मुख्याध्यापकांकडेही आत्ता जाऊ नका. अशा बैठकांमध्ये मी दोन्ही बाजूंना बसले आहे, आधी शिक्षिका म्हणून आणि नंतर समुपदेशक म्हणून. त्यावरून सांगते, आकड्याने सुरू झालेली बैठक आकड्यावरच अडकते. 138 म्हणजे काय, तर सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) 15 धरणाऱ्या चाचण्यांत हजारात सहाच्या आसपास मुलं तेवढ्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर असतात. ही माहिती खरी आहे, तुमच्यासाठी महत्त्वाचीही आहे. पण सोमवारी दुसऱ्या तासाला या मुलीला काय द्यायचं, हे त्यातून बाईंना कळत नाही. त्यांच्या कानावर एवढंच पडतं की आमचं मूल असामान्य आहे आणि तुमच्या ते लक्षात आलं नाही. तिथून पुढे त्या स्वतःचा बचाव करणार, तुम्ही पुरावे देणार, आणि मुलगी वजाबाकीच करत राहणार.

मूल किती हुशार आहे यावर शाळेशी वाद घालू नये. मागणी एकच ठेवावी: जो घटक आता शिकवला जाणार आहे, त्यातलं तिला आधीच किती येतं ते तपासा, आणि जे येतं त्या वेळात तिला दुसरं, वरच्या पातळीचं काही शिकू द्या. या मागणीला विरोध करणं कठीण जातं, कारण ती कुठल्याच मुलाला विशेष ठरवत नाही. वर्गातल्या कोणाच्याही बाबतीत हाच प्रश्न विचारता येतो. चांगल्या शिक्षिकेला तो स्वतःलाही पडलेला असतो, फक्त वेळ मिळालेला नसतो.

आता तयारी. दोन-तीन आठवडे एक साधी वही करा. तिने आपणहून काय केलं ते तारखेसकट लिहा. कुठलं पुस्तक वाचलं आणि त्याबद्दल काय विचारलं, एखादं गणित स्वतःच्या रीतीने कसं सोडवलं, कशात अडकली. तिची रीत जशीच्या तशी उतरवून घ्या, चुकली असेल तरी. तुम्ही बसवून शिकवलेलं त्यात घालू नका. स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि क्लासचे शेरेही नकोत. ते पाहिले की ‘घरी जोर लावून घेतात’ असा समज होतो आणि तो नंतर पुसता येत नाही. पाच-सहा चांगले नमुने भरपूर झाले. फाइल जितकी जाड, तितकी ती वाचली जाण्याची शक्यता कमी.

‘मार्क उत्तम आहेत’ या वाक्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. इयत्तेच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले, तर त्यातून एवढंच कळतं की पेपर संपला. दहा किलोपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर अकरा किलो ठेवा किंवा तीस, तो दहाच दाखवणार. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1971 मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला, तो नेमका या अडचणीतून वाट काढून. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी असलेली सॅट ही महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली. आपल्या इयत्तेच्या चाचणीत सारखीच, सगळ्यात वर दिसणारी मुलं या परीक्षेत चांगलीच विखुरली. कोणी थोडं पुढे होतं, कोणी कित्येक वर्षं. दोघांनाही एकच जादा पुस्तक देऊन भागणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं.

तुमच्या बाबतीत याचं छोटं रूप म्हणजे चौथीचा वर्षअखेरीचा गणिताचा पेपर. तयारी न करता, वेळेचा धाक न दाखवता. घरी एकदा देऊन बघा, पण तो पुरावा म्हणून नेऊ नका. खरी चाचणी शाळेत, बाईंनी घेतलेली असावी. स्वतः तपासलेल्या पेपरावर शिक्षकाचा विश्वास बसतो, पालकांनी आणलेल्या पेपरावर सहसा नाही, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतं असंही नाही.

भेट वर्गशिक्षिकेची घ्या, आणि वेळ ठरवून. शाळा सुटताना फाटकापाशी गाठून हा विषय काढू नका, मुलीसमोर तर नाहीच. दोघं पालक जाऊ शकलात तर उत्तम; मात्र ज्याला चटकन राग येतो त्याने त्या दिवशी ऐकायचं काम घ्यावं. ‘कंटाळते’ हा शब्द टाळा. तुम्ही मुलीबद्दल बोलत असता, बाईंना तो त्यांच्या शिकवण्यावरचा शेरा वाटतो. त्यापेक्षा जे दिसतं ते सांगा: पूर्वी गोष्टी सांगत घरी यायची, आता विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते, अवघड कोडी बिनचूक सोडवते आणि सोप्या वजाबाकीत हातचे विसरते. ही दुसरी खूण अनुभवी शिक्षकांच्या पटकन लक्षात येते. सोप्यात चुका आणि अवघडात अचूकता, असं दिसलं की लक्ष उडालंय, समज कमी नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही.

भेटीआधी पाठवायच्या निरोपाचा मजकूर साधारण असा ठेवा:

‘बाई, नमस्कार. पुढच्या महिन्यात वर्गात अपूर्णांकांचा घटक सुरू होणार असल्याचं कळलं. लेक घरी आपणहून जे करते त्याचे दोन-तीन नमुने मी घेऊन येईन. घटक सुरू होण्याआधी त्याचीच घटक चाचणी तिला देऊन बघता येईल का? जे येत नसेल ते ती वर्गाबरोबरच शिकेल. जे येत असेल, त्या वेळात तिने काय करावं याबद्दल तुमचं मत हवं आहे. या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं कधी देऊ शकाल?’

यात तक्रार नाही, विशेषणं नाहीत, आणि ‘तुमचं मत हवं आहे’ हे वाक्य शोभेचं नाही. खरोखरच मत घ्या. घरी दिसणारी मुलगी आणि वर्गात दिसणारी मुलगी यांत फरक असतो. पुष्कळ मुलं, त्यातही मुली, शाळेत रुळताना आपलं वाचन वर्गाच्या पातळीला आणून ठेवतात, कारण वेगळं दिसणं नको असतं. बाईंना ‘तशी काही खास नाही’ असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर त्या खोटं बोलत नाहीत. मुलीने त्यांना तेवढंच दाखवलं आहे.

चाचणीत घटकातलं बरंचसं येतं असं दिसलं, की पुढची गोष्ट मागता येते, आणि तिची रीत जुनी, वापरून पाहिलेली आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1970 च्या दशकात ती बसवली. एका कागदावर तीन रकाने असतात. पहिल्यात मुलाला काय येतं आणि ते कशावरून कळलं. दुसऱ्यात राहिलेलं थोडं केव्हा आणि कसं शिकवायचं. तिसऱ्यात वाचलेल्या वेळात काय करायचं. एवढंच. त्यांच्या सहकारी सॅली रीस आणि इतरांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या रीतीचा मोठा अभ्यास केला. वर्गाच्या पुढे असलेल्या निवडक मुलांच्या बाबतीत शिक्षकांना नेहमीच्या अभ्यासक्रमातला सरासरी 40 ते 50 टक्के भाग वगळता आला, आणि तरी परीक्षेतले गुण घसरले नाहीत. ‘सराव कमी पडेल’ या भीतीवर हे माझ्या माहितीतलं सगळ्यात उपयोगी उत्तर आहे. बाईंना तीन रकान्यांचा कागद जड वाटला तर आणखी सोपी वाट अशी की स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं आधी सोडवायची. चार बरोबर आली तर बाकीची माफ. ही सवलत सगळ्या वर्गाला खुली ठेवली तर कोणाला डावललं अशी कुरबुरही होत नाही, आणि कोणाला काय येतं हे बाईंना आयतं कळतं.

तिसऱ्या रकान्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, कारण गाडी तिथेच घसरते. शाळा होकार देते, आणि महिन्याभराने कळतं की मुलीला वर्गापेक्षा वीस गणितं जास्त मिळतात, त्याच प्रकारची. ही शिक्षा आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती दोन दिवसांत उमजते. मग ते मुद्दाम सावकाश काम करतं. दुसरा लोकप्रिय तोडगा म्हणजे ‘झालं का? मग शेजारच्याला शिकव.’ कधीमधी हे छान आहे, दुसऱ्याला समजावताना आपलंही पक्कं होतं. रोजचा कार्यक्रम म्हणून नको. तिला शिकायला पाठवलंय आणि शेजारच्या मुलालाही शिक्षकाकडून शिकायचा हक्क आहे. तिसरा तोडगा: फलक सजवा, वाचनालय लावा, भित्तिपत्रक करा. स्टॅन्ली यांनी हुशार मुलांना दिल्या जाणाऱ्या जादा उपक्रमांची प्रतवारी केली होती. नुसतं गुंतवून ठेवणारं काम त्यात वेगळं काढलेलं होतं, आणि मूल ज्या विषयात पुढे आहे त्याच्याशी संबंध नसलेलं कामही. गणितात पुढे असलेल्या मुलीला नाटकात घेतलं तर तिला मजा येईल, पण गणिताचा तास होता तसाच राहील.

म्हणून मागताना शब्द नेमके वापरा: जास्त काम नको, त्याऐवजी काम हवं. आणि त्याला जोडून एक अट, जी पालक हमखास विसरतात. अवघड काम घेतल्यामुळे प्रगतिपुस्तकातले गुण कमी होता कामा नयेत. वर्गाच्या घटकाचे गुण वर्गाच्या चाचणीवरून द्यावेत. वरच्या कामावर शेरा लिहावा, गुण नकोत. नाहीतर ‘सोपं करून पूर्ण गुण, अवघड करून सात’ हा हिशेब मुलगी लगेच करेल, आणि तिने सोपं निवडलं तर तिला दोष देता येणार नाही.

बाईंच्या अडचणी खऱ्या असतात, त्या आधीच मनाशी मांडून जा. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतील तर एकीसाठी रोज वेगळी तयारी त्या करणार कधी? तेव्हा साहित्य तुम्ही सुचवा, निवड त्यांना करू द्या, आणि सुरुवात एका विषयाच्या एका घटकापासून करा. इतर पालक काय म्हणतील? चाचणी सगळ्यांना खुली ठेवा. सगळ्यात वाजवी प्रश्न असतो तो, ‘यंदा चौथीचं केलं, तर पुढच्या वर्षी ती काय करेल?’ याला ‘बघू पुढचं पुढे’ हे उत्तर चालत नाही. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना मार्चमध्येच बैठकीत बोलवा. मी पाहिलेल्या योजनांपैकी बऱ्याच जून महिन्यात, नव्या वर्गशिक्षिकेने पुस्तक पान एकपासून उघडल्यावर मोडल्या. जे ठरलं ते लिखित असावं हे त्याचसाठी. भेट झाली की त्याच संध्याकाळी आभाराचा चार ओळींचा ईमेल पाठवा: काय ठरलं, कधीपर्यंत, पुन्हा कधी भेटायचं. सहा आठवड्यांनी भेटायचं ठरवा. त्याहून लवकर काही दिसत नाही, आणि त्याहून उशीर केला तर विषय विरून जातो.

शिक्षकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचाही फायदा होतो. मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की प्रत्येक शिक्षकाने प्रशिक्षणात वाचलेला असतो: मूल एकटं जे करू शकतं आणि मदतीने जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. तुमच्या मुलीचा तो पट्टा तिसरीच्या पुस्तकाच्या बाहेर आहे, इतकंच तुम्ही म्हणत आहात. मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमध्ये अशा मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. बुद्ध्यंक 140 च्या आसपास असलेल्या मुलांचा साध्या वर्गातला निम्मा वेळ वाया जातो, असं त्यांनी नोंदवलं होतं. तेव्हाची बुद्ध्यंक मोजायची पद्धत आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावू नका. पण निम्मा वेळ ही गोष्ट वर्गात बसून पाहिलेल्या कोणालाही अतिशयोक्ती वाटणार नाही.

आता एक इशारा, कारण याबद्दल कोणी आधी सांगत नाही. खरं अवघड काम समोर आलं की तुमची मुलगी बहुधा रडेल. वही फेकेल, ‘मला येत नाही, मी मूर्ख आहे’ म्हणेल. तीन वर्षं तिला शाळेत कशासाठीच धडपडावं लागलेलं नाही. उत्तर लगेच सुचलं नाही तर काय करायचं हे ती शिकलेलीच नाही. बाकीची मुलं ते पहिलीपासून रोज थोडं थोडं शिकतात. पहिल्या दोन आठवड्यांतल्या या रडण्याला पालक घाबरतात, शाळा म्हणते ‘बघा, झेपत नाही’, आणि सगळं गुंडाळलं जातं. म्हणून बाईंना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की असं होऊ शकतं, आणि झालं तर आपण कामाची पातळी एक पायरी खाली आणू, पण बंद करणार नाही. घरी ‘किती हुशार’ हे कौतुक जरा आवरा. कुठे अडली आणि मग काय करून पाहिलं, हे विचारा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण हेच आहे. गणित ती कुठेही शिकेल. अडल्यावर टिकून राहणं तिला आठव्या वर्षी शिकता आलं नाही, तर अठराव्या वर्षी ते फार महागात शिकावं लागतं.

पुढच्या इयत्तेत बसवण्याबद्दल. ‘मुलांना मूल राहू द्या’, ‘मोठ्या मुलांत एकटी पडेल’ हे ऐकायला मिळेलच. संशोधन या भीतीच्या बाजूने नाही. स्टॅन्ली यांच्या अभ्यासातल्या मुलांचा पाठपुरावा पुढे डेव्हिड लुबिन्स्की आणि कॅमिला बेनबो यांनी चालू ठेवला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 35 वर्षांच्या पाहणीत, शिक्षणात पुढे नेलेल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर त्याचा वाईट परिणाम झाल्याचं आढळलं नाही. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रोस यांनी 160 आणि त्याहून वर बुद्ध्यंक असलेल्या 60 मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यात दोन किंवा अधिक इयत्ता पुढे गेलेली मुलं एकंदरीत समाधानी होती, मित्रही जास्त होते. वयाच्या वर्गातच ठेवलेल्यांपैकी अनेकांना एकटेपण भोगावं लागलं. मैत्री वयापेक्षा आवडीनिवडी आणि समज जुळण्यावर ठरते, असं ग्रोस यांना दिसलं.

तरीही तुमच्या बाबतीत मी लगेच इयत्ता ओलांडा म्हणणार नाही. एका इयत्तेने प्रश्न फार तर वर्षभर मिटतो. शिकण्याचा वेग तोच राहिला तर चौथीतही दिवाळीनंतर हीच तक्रार येईल. शिवाय ती वाचनात चार वर्षं पुढे, गणितात दीड-दोन वर्षं पुढे आणि हस्ताक्षरात कदाचित वयाइतकीच असेल. अशा मुलांना विषयवार पुढे नेणं जास्त बसतं. गणितज्ञ टेरेन्स ताओ लहानपणी एकाच काळात वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या इयत्तांत बसत. त्यासाठी फक्त दोन वर्गांच्या गणिताचे तास एकाच वेळी लावावे लागतात. वेळापत्रक ठरवणाऱ्या पर्यवेक्षिकांना वर्ष सुरू होण्याआधी गाठलं तर हे जमतं, नंतर जवळपास अशक्य. पूर्ण इयत्ता ओलांडायचा विचार झालाच, तर आधी वयाचा नियम आडवा येतो का ते पाहा. मग दोन गोष्टी तपासा. ती जिथे जाणार त्या वर्गात सख्खं भावंड तर नाही ना, असेल तर हा विचार सोडा. आणि मुलीची स्वतःची इच्छा आहे का. तिला नको असेल तर विषय संपला, कितीही पात्र असली तरी. या निर्णयासाठी वापरली जाणारी आयोवा मोजपट्टीही या दोन्ही बाबतीत नकारच सांगते. सगळं जुळलं तरी सहा-आठ आठवड्यांचा प्रयोग म्हणून करा, आणि परत येण्याला अपयश म्हणू नका. या टप्प्यावर तो अहवाल कपाटातून काढा. इथे त्याचं काम आहे.

एक शक्यता वेगळी तपासून घ्या. ती तोंडी झरझर उत्तरं देते आणि लिहायला बसली की अर्धं पानही होत नाही, असं असेल तर पोटदुखीमागे लेखनातली अडचण असू शकते. हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, मग मूल सर्वसाधारण दिसतं. अहवालात प्रक्रियेच्या वेगाचा (साधी कामं किती झटपट होतात त्याचा) गुण बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर मानसशास्त्रज्ञांना त्याबद्दल स्पष्ट विचारा.

घरी तिला थांबवू नका, पण शाळेच्याच पुस्तकात पुढे पळवू नका. चौथी-पाचवीचं पुस्तक तुम्ही घरी संपवलंत तर वर्गातली दरी तुम्हीच रुंद केलीत. आडवं जा: मूळ संख्या, सांकेतिक लिपी, नकाशे, बुद्धिबळ, दुसरी एखादी भाषा. अभ्यासक्रमात न येणारं खूप आहे.

शाळेने नकार दिला, किंवा होकार देऊन काहीच केलं नाही, तर सहा आठवड्यांच्या त्या भेटीत ठरलेलं काय आणि झालेलं काय हे कागदावर मांडा, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापक. वर जाताना बाईंना सांगून जा. पाठीमागून गेलात तर उरलेलं वर्ष मुलीला जड जाईल. शाळा बदलणं हा शेवटचा उपाय, आणि बदललीच तर प्रवेशाच्या वेळी ‘हुशार मुलांसाठी तुमच्याकडे काय आहे’ असं विचारू नका. त्याला उत्तर म्हणून प्रयोगशाळा आणि स्पर्धांतली बक्षिसं दाखवली जातात. विचारा: ‘वर्गात आज जे शिकवायचं आहे ते एखाद्या मुलाला आधीच येत असेल, तर त्या तासाला ते मूल काय करतं?’ आणि हे शक्यतो प्रवेश देणाऱ्या कार्यालयात नव्हे, तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या बाईंना विचारा. ज्या बाई क्षणभर विचार करून ‘मागच्या वर्षी एक मुलगा होता, त्याला आम्ही...’ असं सुरू करतील, त्यांच्याकडे मुलगी पाठवायला हरकत नाही.